डोकं दुखतंय? डोळ्याच्या मागची नसही बघून घ्या

 

आम्ही गावोगाव गटांच्या बैठका घेतो. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोबाची वही हे सगळं झालं की आरोग्याचा विषय निघतो. उमेदच्या दशसूत्रीत तो आहेच. मग कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचं अंगावरून जाणं. पण जवळजवळ प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकू येतं, ‘डोकं फार दुखतं हो ताई.’ लगेच आजूबाजूच्या बाया सांगायला लागतात. पित्त झालं असेल, लिंबूपाणी घे. उन्हातून आलीस. सुंठ उगाळून लाव. दृष्ट काढून बघ. चष्मा लागला असेल.

बहुतेक वेळा कारण तसंच साधं असतं. आपण उपाशीपोटी राबतो, झोप अर्धी होते, अंगात रक्त कमी असतं. अर्धशिशीही आपल्यात खूप आहे. तेव्हा आजचं बोलणं ऐकून कुणी घाबरून जायचं नाही. आज आपण थोड्याच बायांच्या डोकेदुखीबद्दल बोलणार आहोत. ह्या डोकेदुखीत डोक्याच्या आतला दाब वाढलेला असतो, आणि तो वेळेत कळला नाही तर नजर जाते. गेलेली नजर परत आणता येत नाही. पण नजर जाण्याआधी डोळ्याच्या आत खूण दिसते. ती बघता येते, तिचा फोटो काढता येतो, तिची जाडी मोजता येते. ते कसं, आणि त्यासाठी आपण डॉक्टरांना काय सांगायचं, एवढंच आजचं बोलणं.

आधी डोक्याच्या आत काय आहे ते समजून घेऊ. आपला नारळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर टणक करवंटी, आत मऊ खोबरं आणि पाणी. आपल्या डोक्यातही कवटीची करवंटी आहे, आत मऊ मेंदू आहे, आणि मेंदूच्या भोवती नि त्याच्या पोकळ्यांमध्ये स्वच्छ पाणी आहे. मोठ्या माणसात ते पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाचा एक मोठा कप. पण दिवसभरात नवीन पाणी तयार होतं ते अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे जुनं पाणी सतत रक्तात मुरतं आणि नवीन येत राहतं. हे मुरणं अडलं, किंवा डोक्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबली, किंवा आत गाठ झाली, तर दाब वाढतो. कवटी हाडाची, ती फुगत नाही. मग तो दाब वाट शोधतो.

त्यातली एक वाट डोळ्याकडे जाते. डोळ्याला जे दिसतं ते मेंदूकडे नेणारी एक नस असते. तिला नेत्रनस म्हणू. लांबी साधारण पाच सेंटिमीटर, आणि तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. या नसेवर मेंदूचीच आवरणं बाहीसारखी चढलेली असतात, आणि मेंदूभोवतीचं पाणी त्या बाहीतून थेट डोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत येतं.

आपल्याला खाडी माहीत आहे. समुद्राला भरती आली की म्हसळ्याच्या खाडीचं पाणी चढतं. समुद्र डोळ्यांना दिसत नसला तरी खाडीच्या टोकाला उभं राहिलं की भरती आहे का ओहोटी ते कळतं. नेत्रनसेची बाही ही तशीच खाडी आहे. मेंदूत दाबाची भरती आली की डोळ्याच्या मागे नसेचं टोक सुजतं. डॉक्टर बाहुलीतून आत बघतात तेव्हा ते खाडीच्या टोकाला उभे असतात. करवंटी न फोडता आतलं पाणी किती चढलंय ते कळण्याची ही जागा आहे.

नसेचं हे टोक आतून गोल दिसतं, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. निरोगी असेल तर त्याची कड पुनवेच्या चंद्रासारखी स्वच्छ असते. दाब वाढला की कड धूसर होते, टोक फुगून वर येतं, शिरा फुगतात, कधी बाजूला रक्ताचे ठिपके दिसतात. बहुधा दोन्ही डोळ्यांत हे होतं. डॉक्टर त्याला पॅपिलिडिमा म्हणतात. हा शब्द चिठ्ठीवर दिसला तर ती चिठ्ठी उशाखाली ठेवायची नाही. त्याच दिवशी पुढच्या दवाखान्याची तयारी करायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नस सुजलेली असतानाही सुरुवातीला भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचता येतात. अगदी खालची बारीक ओळसुद्धा. म्हणून चष्म्याचा नंबर काढणं आणि डोळ्याच्या मागची नस बघणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असं नाही. डोळे तपासून आले, काही निघालं नाही, असं एखादी ताई सांगते तेव्हा आम्ही विचारतो, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले होते का? कुणी दुर्बिणीने आत बघितलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही, फक्त अक्षरं वाचून घेतली.

आमच्या एका गटातल्या ताईचं असंच झालं. तिने सांगायला हरकत नाही म्हटलंय, नाव मात्र घेत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन भराभर वाढलं. सकाळी उठताना डोकं ठणकायचं. लावणीला वाकली की डोळ्यांसमोर काही सेकंद काळोख यायचा आणि परत सगळं दिसायचं. रात्री उशीवर कान टेकला की आत सू-सू आवाज, नाडीच्या ठोक्यासारखा. घरच्यांनी अशक्तपणा समजून टॉनिक आणलं. चष्मा एकदा झाला, सहा महिन्यांनी बदलला. शेवटी एका नेत्रशिबिरात थेंब टाकून आत बघितलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला तिथूनच मुंबईच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. नस दोन्हीकडे सुजलेली होती. औषधं लागू पडली, समोरचं नीट दिसतं, शिवणाचं काम ती आजही करते. पण बाजूचं दिसणं कायमचं कमी झालं. दाराची चौकट खांद्याला लागते. रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, म्हणून मुलगी हात धरते. तिचं वय पस्तिशीच्या आतलं आहे. मधलं एक वर्ष वाचलं असतं तर तेवढी नजरही वाचली असती.

आता ही लक्षणं कागदावर उतरवून घ्या. डोकेदुखी रोजची असते, आडवं पडल्यावर किंवा सकाळी उठताना वाढते, खोकलं-शिंकलं की जास्त होते. वाकताना किंवा उठताना काही सेकंद नजर काळी किंवा धुरकट होते. कानात ठोक्याबरोबर आवाज येतो. एकाच्या दोन वस्तू दिसतात. मळमळ, उलटी होते. यातलं डोकेदुखी आणि नजरेचं एखादं लक्षण एकत्र आलं तर थांबायचं नाही. काही बायांना डोकेदुखी कमी आणि नजरेचा त्रास जास्त असतो, हेही लक्षात ठेवा.

आणि हे दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा: कधी झालं नाही असं अचानक भयंकर डोकं दुखणं, फिट येणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, तापाबरोबर मान ताठ होणं.

आता नस बघतात कशी, ते एकेक घेऊ. यंत्रांची नावं ऐकून दडपण येतं, म्हणून आत गेल्यावर काय होतं तेच सांगतो.

पहिली पद्धत साधी, दुर्बिणीने बघणं. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्यात उजेड टाकून आतला पडदा बघायचं साधन जगासमोर ठेवलं. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत कुणाला नीट बघता येत नव्हतं. पुढे दहा वर्षांच्या आतच डॉक्टरांनी ओळखलं की डोक्यात दाब वाढला की नसेचं टोक सुजतं. आजही तपासणी तिथूनच सुरू होते. बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, थोडं चुरचुरतं, मग चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. म्हणून सोबत कुणाला तरी न्या, स्कूटीवर एकट्या जाऊ नका, आणि त्या दिवशी सुईदोऱ्याचं काम ठेवू नका.

दुसरी पद्धत म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, एकदा लखकन उजेड पडतो. झालं. काही कॅमेऱ्यांना थेंबांचीही गरज लागत नाही. याचा उपयोग किती मोठा आहे बघा. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तातडीच्या विभागात आलेल्या ३५० रुग्णांच्या डोळ्यांचे असे फोटो काढले. कुणाला डोकेदुखी होती, कुणाला नजरेचा त्रास, कुणाचा रक्तदाब फार वाढलेला. हे २०११ साली छापून आलं. त्यातल्या ४४ जणांच्या डोळ्यात काळजीचं काही ना काही सापडलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मात्र ४८ रुग्णांच्याच डोळ्यांत दुर्बिणीने बघितलं होतं, आणि त्या ४४ पैकी एकही गोष्ट त्यांना सापडली नव्हती. एवढ्या साधनांच्या देशात, मोठ्या रुग्णालयात ही गत. आणि ते फोटो काढले होते खास शिकवलेल्या परिचारिकांनी. म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर जागेवर नसले तरी फोटो काढून त्यांच्याकडे पाठवता येतो. आपल्यासारख्या लांबच्या तालुक्याला हे फार उपयोगाचं आहे. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा हा कॅमेरा मागायला आपण शिकलं पाहिजे.

तिसरी पद्धत ओसीटी. सोनोग्राफीत आवाजाच्या लाटांनी चित्र काढतात, ओसीटीत उजेडाच्या लाटांनी. अमेरिकेत एमआयटी संस्थेत फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत पुढे आणली. यंत्र डोळ्याला शिवतसुद्धा नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत, काही मिनिटांत काम होतं. नसेच्या टोकाभोवती तंतूंचा थर किती जाड आहे ते यात मोजतात. निरोगी डोळ्यात तो सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. सूज आली की आकडा वाढतो. पुढच्या भेटीत परत मोजलं की औषध लागू पडतंय का ते कळतं.

पण इथे एक सांभाळायची गोष्ट आहे. शेतात पुराचं पाणी भरलं आणि चार दिवसांनी ओसरलं, तर तेवढ्यावरून भात वाचलं की कुजलं ते सांगता येत नाही. बांधावरून उतरून रोप बघावं लागतं. तसंच ओसीटीचा आकडा खाली आला म्हणजे सूज उतरली असेल, किंवा तंतूच मेले म्हणून थर पातळ झाला असेल. आकडा दोन्हीकडे खालीच येतो. म्हणून डॉक्टर ओसीटीबरोबर नजरेच्या पसाऱ्याची तपासणी करतात. त्यात एका वाटीसारख्या यंत्रात समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं. कंटाळवाणं आहे, पण बाजूचं दिसणं कमी होतंय का ते यातच पकडलं जातं. दोन्ही मिळून खरं चित्र कळतं. त्यासाठी जुने सगळे कागद लागतात. म्हणून आमचं सांगणं, गटाची वही जपता तशी ही फाइल जपा. पहिला फोटो, पहिली ओसीटी, तारखेसकट. डॉक्टर बदलले तरी फाइल तीच राहू द्या.

चौथी पद्धत डोळ्याची सोनोग्राफी. पापणी मिटायची, वर जेल लावतात, पोटाच्या सोनोग्राफीसारखंच. डोळ्याच्या मागे साधारण तीन मिलिमीटरवर नसेची बाही किती फुगलीय ते मोजतात. पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेली की डॉक्टरांना दाबाची शंका येते. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या खाटेशीही ही तपासणी करता येते. तिचा आणखी एक फायदा आहे. काही लोकांच्या नसेच्या टोकात चुन्यासारखे बारीक कण असतात आणि टोक सुजल्यासारखं दिसतं. खरी सूज नसते. सोनोग्राफीत ते कण चमकतात, आणि बाई विनाकारण पुढच्या मोठ्या तपासण्यांतून वाचते.

पाचवी एमआरआय. खरी सूज ठरली की एमआरआय करावाच लागतो. आत गाठ आहे का, पाणी कुठे अडलंय का ते बघायचं असतं. सोबत शिरांचा एमआरआय करतात, शिरेत गुठळी आहे का ते बघायला. त्यातच नसेची फुगलेली बाही आणि मागून चपटा झालेला डोळाही दिसतो. यंत्र बोगद्यासारखं असतं, मोठा खडखडाट होतो, पण दुखत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, सगळं उतरवून घरच्यांकडे द्यायचं. पोटात बाळ असेल किंवा अंगात धातूची पट्टी, स्क्रू काही बसवलं असेल तर आधी सांगायचं.

एमआरआय झाल्यावर बहुतेकदा पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढून दाब मोजतात. पाठीत सुई टोचली की कायमचं अपंगत्व येतं, असं आपल्याकडे बोललं जातं आणि बाया तिथून उठून घरी येतात. ही सुई कमरेच्या खाली, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो तिथे टोचतात. नंतर काही दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. मोठ्या माणसात हा दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर गेला तर तो वाढलेला मानतात. एवढा आकडा कळल्याशिवाय उपचार नीट ठरत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या बायांचं दुखणं आहे असंही नाही. महिनोन्‌महिने अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांच्याही नेत्रनसेला सूज आलेली सापडली. म्हणून अवकाश स्थानकावर ओसीटी आणि सोनोग्राफी दोन्ही यंत्रं नेऊन ठेवली आहेत.

आता हा दाब कुणाचा वाढतो ते बघू. एक प्रकार असा की गाठ नाही, गुठळी नाही, तरी दाब वाढलेला. हा बहुतेक करून पाळी चालू असलेल्या वयाच्या, वजन वाढलेल्या बायांमध्ये दिसतो. साधारण लोकांत वर्षाला लाखात एखादी व्यक्ती, पण वजन जास्त असलेल्या तरुण बायांत हे प्रमाण कितीतरी पट जास्त. अमेरिकेत १६५ रुग्णांवर औषधाचा मोठा अभ्यास झाला, त्यात १६१ बाया होत्या. २०१४ साली त्याचा निकाल आला. वजन उतरवण्याचा आहार आणि ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी एकत्र दिली, तेव्हा नुसत्या आहारापेक्षा नजर जास्त सुधारली. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्या घाबरून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. वजनाचं म्हणाल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी फरक पडू शकतो. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो. एखादीला वजनावरून टोमणे मारून ते उतरत नाही. गटाने संध्याकाळी मिळून चालायला निघावं, ताटात भात थोडा कमी आणि भाजी, मासळी, डाळ जास्त घ्यावी. नजर झपाट्याने जात असेल तर मात्र शस्त्रक्रियाही करतात.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये हा आजार पूर्वीपासून दिसत आला आहे. बाळंतपणात आणि नंतरचे काही आठवडे रक्त घट्ट व्हायची प्रवृत्ती वाढलेलीच असते. त्यात अंगात रक्त कमी, आणि वरून आपली रीत, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल. सासवांनो, आयांनो, तुमचा जीव सुनेवर-लेकीवर आहे म्हणूनच तुम्ही हे करता. पण पाणी तोडल्याने रक्त आणखी घट्ट होतं. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या. कोमट द्या, जिरं घालून द्या, पण द्या. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत डोकं सतत दुखत असेल, फिट आली, नजर धूसर झाली, तर ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधून झोपवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गोळ्यांचंही बोललं पाहिजे. गौरी-गणपती आले, घरात पूजा, मुंबईहून चाकरमानी यायचे, आणि पाळीची तारीख नेमकी तीच. मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या, डॉक्टरांना न विचारता, शेजारणीने सांगितल्या तेवढ्या घ्यायच्या. आपल्या मुस्लिम भगिनी रमजानचे रोजे पुरे व्हावेत म्हणून, हजला जाताना अशा गोळ्या घेतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. इराणमधल्या डॉक्टरांनी रमजानमध्ये अशा गोळ्या घेतलेल्या बायांत मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याच्या नोंदी केल्या आहेत. पाळी लांबवायच्या गोळ्यांनंतरही असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला हे होतं असं अजिबात नाही. पण नुकतीच बाळंतीण झालेली, पूर्वी पायात वगैरे गुठळी झालेली, घरात कुणाला तसा आजार असलेली, अर्धशिशीत नजरेसमोर चमक येणारी, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊच नये. आणि गोळी चालू असताना डोकं धरलं तर गोळी घेतल्याचं लपवू नये. पूजेला पाळी आली तर देव रागावत नाही, यावर आपण बायांनीच आता बोलायला हवं.

मुरुमांसाठी महिनोन्‌महिने दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही दाब वाढू शकतो. त्यात डॉक्सिसायक्लिन जातीची औषधं आणि अ जीवनसत्त्वापासून केलेली औषधं येतात. पावसाळ्यात लेप्टोसाठी आरोग्य विभाग देतो ती गोळी घ्यायची थांबवू नका, ती वेगळ्या कामाची आहे. घेताना डोकेदुखी आणि नजरेचा त्रास सुरू झाला तर मात्र सांगा.

आता जायचं कुठे? आधी आशाताईंना सांगा, मग म्हसळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथून गरजेप्रमाणे माणगाव किंवा श्रीवर्धनचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय. नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी विचारून निघा, म्हणजे एसटीचं भाडं आणि रोज वाया जात नाही. मेंदूची आणि डोळ्याची तपासणी एकाच जागी हवी असेल तर मुंबईत जे. जे. आणि केईएम ही रुग्णालयं आहेत. माणगावहून रेल्वेने पनवेल गाठता येतं, तिथेही मोठी नेत्ररुग्णालयं आहेत.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती आधीच्या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा, कोणता उपचार योजनेत बसतो ते भरती होण्याआधी विचारा. नुसत्या बाहेरच्या तपासणीचा खर्च बसेलच असं नाही. तिथे आपला गट उभा राहिला पाहिजे. म्हशीसाठी, शिलाई मशिनसाठी आपण अंतर्गत कर्ज देतो. एका बाईच्या डोळ्यांसाठी त्याच बैठकीत ठराव करून कर्ज देता येतं. ग्रामसंघाकडे जोखमीसाठी ठेवलेला निधी असेल तर त्यातूनही मागा. नजर असेल तर ती बाई कर्ज फेडेल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शेवटी, डॉक्टरांसमोर बसल्यावर बोलायची तीन वाक्यं. आपण तिथे गेल्यावर गप्प होतो, म्हणून आत्ता पाठ करून घ्या. पहिलं, ‘माझं डोकं इतक्या दिवसांपासून दुखतंय आणि वाकल्यावर डोळ्यांसमोर काळोख येतो.’ दुसरं, ‘मी अमुक गोळ्या घेतल्या आहेत, माझं बाळंतपण अमुक दिवसांपूर्वी झालं.’ तिसरं, ‘थेंब टाकून माझ्या डोळ्याच्या मागची नस बघाल का?’ हे विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. आणि नस चांगली आहे असं कळलं तर उत्तमच, ते कागदावर लिहून घ्या. मात्र डोकेदुखी तशीच राहिली तर पुन्हा जायचं, कारण काही दुखण्यांत नस सुजत नाही.

या महिन्याच्या बैठकीत हिशोब झाल्यावर एक काम करा. गोल बसलेल्या प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा, रोज डोकं दुखतं का आणि वाकल्यावर काळोख येतो का. दोन्हीला हो म्हणणारी सापडली तर तिच्यासोबत कोण जाणार आणि कोणत्या दिवशी, ते त्याच बैठकीत ठरवा आणि वहीत लिहा. घरी लहान मूल असेल तर ते त्या दिवशी कुणाकडे राहील, तेही लिहा.